घरच्या डीजे स्ट्रीमला कंडेन्सर माईक जोडायचा तर

गेल्या दिवाळीत रात्री साडेदहाला माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, नवा माईक खराब निघाला बहुतेक. कंट्रोलरला लावलाय, नॉब पूर्ण फिरवलाय, तरी काही म्हणता काही आवाज नाही. उद्या परत पाठवून देऊ का?" मी विचारलं, माईक कुठला? कंडेन्सर. आणि केबल? एका टोकाला तीन पिनांचा एक्सएलआर, दुसऱ्या टोकाला मोठा जॅक. पुढे काही विचारायची गरजच उरली नाही. माईक ठणठणीत होता, त्याला वीज मिळत नव्हती एवढंच.

घरून सेट वाजवणारी बहुतेक मुलं इथेच अडतात. कंट्रोलरवर, म्हणजे गाणी मिसळायच्या डीजेच्या डब्यावर, "माईक" असं लिहिलेलं भोक असतं, हातात माईक असतो, मग तो तिथेच लागणार असं वाटणं साहजिक आहे. पण ते भोक कार्यक्रमात हातात धरून बोलायच्या डायनॅमिक माईकसाठी ठेवलेलं असतं. कंडेन्सरची वाट निराळी आहे. त्याला आधी स्वतःचा प्रीअँप, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारा भाग, द्यायचा, आणि गाण्यांशी त्याची गाठ पुढे घालायची. एवढं एक ध्यानात ठेवलंत तर बाकीची जोडणी अर्ध्या तासाची आहे.

वीज कशाला लागते

कंडेन्सर माईकच्या जाळीमागे प्लास्टिकचा एक अतिशय पातळ पडदा असतो, त्यावर धातूचा मुलामा असतो. पडद्याच्या मागे अगदी जवळ एक धातूची चकती असते. ही जोडी म्हणजे एक कपॅसिटर. आपण बोललो की पडदा हलतो, दोघांमधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युतदाब बदलतो. हा बदल इतका नाजूक असतो की तो केबलमधून थेट पाठवताच येत नाही. म्हणून माईकच्या पोटातच एक छोटा अँप्लिफायर बसवलेला असतो, आणि त्याला वीज लागते. 1962 साली बेल लॅबमध्ये गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माईक बनवला. त्यात पडद्यावरचा विद्युतभार कायमचा साठवलेला असतो. तरी आतल्या अँप्लिफायरची भूक राहतेच. त्यामुळे "माझा इलेक्ट्रेट आहे, त्याला फँटम (केबलमधून दिली जाणारी वीज) लागत नाही" हे दुकानात ऐकलेलं वाक्य लगेच खरं मानू नका. माईकच्या माहितीपत्रकात 48 व्होल्ट लिहिलं असेल तर 48 व्होल्टच द्यायचे.

ही वीज आवाजाच्याच केबलमधून जाते. एक्सएलआरची 1 नंबरची पिन ग्राउंड, आणि 2 व 3 या आवाजाच्या पिना. या दोन्ही पिनांवर 6.8 किलोओहमच्या रेझिस्टरमधून सारखेच 48 व्होल्ट दिले जातात आणि ते 1 नंबरवरून परत येतात. दोन पिनांमध्ये फरकच नसल्यामुळे साध्या डायनॅमिक माईकला या विजेचा पत्ताही लागत नाही. फँटम हे नाव त्यावरूनच पडलं.

आता कंट्रोलरचा 6.35 मिलिमीटरचा जॅक पाहा. घरच्या बहुतेक कंट्रोलरवर माईकसाठी टीएस जॅक असतो, म्हणजे टोक आणि बूड असे दोनच भाग. एक्सएलआरच्या 2 आणि 3 नंबरच्या पिना त्यात वेगवेगळ्या जाऊच शकत नाहीत. आणि मागून 48 व्होल्टही येत नाहीत. नॉब कितीही फिरवला तरी माईक मुकाच राहणार.

घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा

सेट वाजवताना खोलीत स्पीकर मोठ्याने चालू ठेवणार आहात का? उत्तर "हो" असेल आणि मध्येमध्ये दोन-चार वाक्यंच बोलायची असतील, तर शुअर एसएम58 सारखा डायनॅमिक माईक तोंडाजवळ धरून बोला, कंट्रोलरलाच लावा. हे मी मनापासून सांगतो. कंडेन्सरचा कान तीक्ष्ण असतो. एसएम58 ची संवेदनशीलता 1.85 मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे, ऑडिओ-टेक्निका एटी2020 ची 14.1. म्हणजे तेवढ्याच आवाजाला कंडेन्सर साडेसात पटीने मोठा सिग्नल देतो. तुमचा आवाज त्याला जितका स्पष्ट ऐकू येतो, तितकाच पंखा, खालच्या रस्त्यावरची रिक्षा आणि स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टीही ऐकू येते.

पण तुम्ही गाण्यांमध्ये गप्पा मारणार असाल, फर्माईश घेणार असाल, एखाद्या रेकॉर्डची गोष्ट सांगणार असाल, हेडफोनवर वाजवणार असाल, तर कंडेन्सरसारखा जिवंत आवाज दुसरा नाही. रेडिओवरचा माणूस कानाशी बसून बोलतोय असं वाटतं. इथून पुढचं सगळं त्या मंडळींसाठी.

माईक आणि गाणी कुठे भेटवायची

रस्ते तीन आहेत. तिन्ही मी वापरलेत.

सर्वात सोपा रस्ता म्हणजे छोटा स्ट्रीमिंग मिक्सर. यामाहा एजी03 हे त्यातलं चांगलं उदाहरण. त्याच्या पहिल्या चॅनेलला एक्सएलआर आणि 48 व्होल्ट आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या चॅनेलला स्टिरिओ लाईन, म्हणजे दुसऱ्या साधनातून येणाऱ्या मोठ्या सिग्नलची जागा. माईक पहिल्यात, कंट्रोलरचा मास्टर आऊट दुसऱ्या-तिसऱ्यात, आणि एक यूएसबी केबल लॅपटॉपला. मिक्सरवर कॉम्प्युटरकडे काय जायचं ते निवडायची सोय असते, ती "इनपुट मिक्स"वर ठेवा. "लूपबॅक"वर ठेवलंत तर लॅपटॉपमधून वाजणारे बाकीचे आवाज, मेसेज आल्याची टिंग सुद्धा, प्रेक्षकांना ऐकू जाईल. या पद्धतीत गाणी आणि तुमचा आवाज एकत्र होऊनच लॅपटॉपला पोचतात. फेडर आणि नॉब हातात असतात, सॉफ्टवेअरमध्ये फारसं काही करावं लागत नाही.

दुसरा रस्ता चार इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसचा, म्हणजे माईक आणि गाणी लॅपटॉपला पोचवणाऱ्या डब्याचा. फोकसराईट स्कार्लेट 4आय4 किंवा मोटू एम4 यांना दोन माईक इनपुट आणि शिवाय दोन लाईन इनपुट आहेत. माईक पहिल्या इनपुटला, कंट्रोलरची डावी-उजवी बाजू तिसऱ्या-चौथ्याला. इथे माईक आणि गाणी शेवटपर्यंत वेगळी राहतात, आणि म्हणून दोघांवर वेगवेगळे संस्कार करता येतात. मला स्वतःला हाच रस्ता आवडतो, पुढची पायरी-पायरीची जोडणी याच्यावरच बेतलेली आहे. इथे एक सावधगिरी: दोनच इनपुटचा इंटरफेस घेऊ नका. गाण्यांना स्टिरिओसाठी दोन जागा लागतात, माईकला तिसरी. दोन इनपुट असतील तर गाणी मोनो करावी लागतात आणि ट्रॅकमधली डावी-उजवीकडची सगळी मजा जाते.

तिसरा रस्ता यूएसबी कंडेन्सरचा. त्याची वीज यूएसबीमधून येते, इंटरफेस लागत नाही, ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो सरळ दिसतो. अडचण पुढे येते. माईक आणि कंट्रोलर ही दोन वेगळी साऊंडकार्ड होतात, दोघांची घड्याळं वेगळी चालतात. आणि गाणी ओबीएसमध्ये आणायचा प्रश्न तसाच उभा राहतो. विंडोजवर डीजे सॉफ्टवेअर एएसआयओ (साऊंडकार्डशी थेट बोलणाऱ्या) ड्रायव्हरने वाजत असेल तर ओबीएसच्या "अॅप्लिकेशन ऑडिओ कॅप्चर"ला तो आवाज सापडतच नाही, कारण तो विंडोजच्या वाटेने जातच नाही. अर्धा दिवस डोकं खाजवूनही काही मुलांना हे कारण कळत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जुन्या सामानात चौथाही मार्ग निघतो: 48 व्होल्टचा वेगळा डबा मिळतो, तो माईक आणि कंट्रोलरच्या मध्ये बसवायचा आणि डब्यापासून पुढे एक्सएलआर ते टीएस केबल लावायची. माईक बोलू लागतो. पण कंट्रोलरचा माईक प्रीअँप डायनॅमिक माईकच्या बारीक सिग्नलसाठी बनवलेला असतो, कंडेन्सर लावला की आवाज लवकर फाटतो. शिवाय काही कंट्रोलर माईकचा आवाज फक्त मास्टर आऊटला सोडतात, यूएसबीने कॉम्प्युटरकडे देत नाहीत. मग रेकॉर्डिंग ऐकायला बसलं की गाणी आहेत, आपण कुठेच नाही. पायोनियर डीडीजे-एफएलएक्स4 सारख्या नव्या कंट्रोलरवर माईक यूएसबीने जातो. तुमच्या कंट्रोलरचं माहितीपत्रक उघडून एवढी एक ओळ तपासाच.

जोडणी, एकेक करून

सगळं बंद असताना सुरुवात करा. लॅपटॉप चालू असला तरी चालेल, पण इंटरफेसचे गेन (सिग्नल वाढवायचे नॉब) शून्यावर, फँटमचं बटण बंद, स्पीकर बंद.

आधी गाणी. कंट्रोलरच्या मागच्या मास्टर आऊटच्या लाल-पांढऱ्या आरसीएमधून दोन केबल काढा, ज्यांच्या दुसऱ्या टोकाला 6.35 मिलिमीटरचा जॅक आहे. पांढरी तिसऱ्या इनपुटला, लाल चौथ्याला. इथे एक चूक महागात पडते. आरसीए ते एक्सएलआर अशी केबल घरात पडलेली असते म्हणून काहीजण ती माईकच्या एक्सएलआर इनपुटला लावतात. एक तर लाईनचा मोठा सिग्नल माईकच्या प्रीअँपमध्ये घुसून आवाज फाटतो. त्याहून वाईट म्हणजे पुष्कळ इंटरफेसवर फँटमचं बटण दोन्ही माईक इनपुटला मिळून एकच असतं. माईकसाठी ते दाबलं की कंट्रोलरच्या आऊटपुटवर 48 व्होल्ट जाऊन बसतात. आरसीएचा सिग्नल कायम लाईन इनपुटलाच, आणि जॅकनेच.

आता माईक. एक्सएलआर ते एक्सएलआर केबल, दोन्ही टोकांनी खट्ट आवाज येईपर्यंत बसवा. मग फँटम दाबा आणि दहा सेकंद थांबा, कपॅसिटर भरू द्या. त्यानंतरच गेन हळूहळू वर आणा. चालू फँटमवर केबल काढ-घाल केली की मोठा "ठप्" होतो, तो स्पीकरच्या आणि हेडफोन लावलेला असेल तर कानाच्याही मुळावर येतो.

फँटम चालू आहे, दिवा लागलाय, तरी आवाज पुसट आणि लांबून आल्यासारखा येतोय? माईक फिरवून पाहा. मोठ्या पडद्याच्या बहुतेक कंडेन्सरमध्ये टोकाकडून नाही, बाजूने बोलायचं असतं. ज्या बाजूला कंपनीचं चिन्ह असतं ती बाजू साधारणपणे पुढची. माझा पहिला पूर्ण स्ट्रीम मी माईकच्या पाठीशी बोलत काढला होता. पाऊण तासाने एका ऐकणाऱ्याने लिहिलं, "दादा, गाणी मस्त, पण तुम्ही शेजारच्या खोलीत आहात का?" तेव्हापासून माझ्या माईकच्या पुढच्या बाजूला पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवलेला आहे.

टेबल, स्टँड आणि तोंड

डीजेच्या टेबलावर एक अडचण असते जी गाणाऱ्याच्या खोलीत नसते. आपण टेबलावर सतत काहीतरी करत असतो. पॅड बडवतो, जॉग व्हील फिरवतो, क्रॉसफेडर आपटतो. माईकचा बूम आर्म त्याच टेबलाच्या कडेला आवळला की प्रत्येक पॅडचा धक्का लाकडातून, दांडीतून वर चढतो आणि प्रेक्षकाला "धप्, धप्" असा ऐकू येतो. शॉकमाऊंट (धक्के शोषणारी पकड) बसवला तर हे बरंच कमी होतं, थांबत नाही. खरा उपाय म्हणजे माईकचा स्टँड टेबलापासून तोडायचा. जमिनीवर उभा राहणारा साधा बूम स्टँड घ्या, नाहीतर आर्म शेजारच्या खिडकीच्या कट्ट्याला किंवा वेगळ्या स्टुलाला आवळा. हा एक बदल केला आणि माझ्या रेकॉर्डिंगमधला गेट नावाचा, बोलणं थांबलं की माईक बंद करणारा फिल्टर जवळजवळ निकामी झाला, त्याला कामच उरलं नाही.

तोंड आणि माईक यात वीतभर अंतर ठेवा, साधारण 15 ते 20 सेंटिमीटर. जवळ गेलात की आवाजात खर्ज वाढतो, छान वाटतं, पण सेट वाजवताना माणूस हलतो, वाकतो, आणि प्रत्येक वेळी आवाजाचा पोत बदलतो. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने खाली येतो. म्हणून माईक तोंडासमोर सरळ ठेवण्यापेक्षा डोळ्यांच्या रेषेत थोडा वर आणि तिरका ठेवा. जॉग व्हील दिसतात, कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, आणि "प", "भ", "फ" म्हणताना हवेचा झोत माईकच्या खालून निघून जातो. मराठीत महाप्राण अक्षरं भरपूर, त्यामुळे पॉप फिल्टर लावाच. "भाऊ", "फर्माईश", "धन्यवाद" हे तीन शब्द बोलून पाहा, फिल्टर बरोबर बसलाय का ते लगेच कळतं.

गेन

रोज जसं बोलता तसं नाही, स्ट्रीमवर ज्या उत्साहाने बोलता तसं बोला. शांत खोलीत हळू "हॅलो, चेक" म्हणून गेन लावला की ड्रॉप (गाण्यात बीट जोरात पडते ती जागा) आल्यावर तुम्ही ओरडता आणि आवाज फाटतो. सगळ्यात मोठ्या ओरडण्याला मीटर उणे 6 डेसिबलच्या आसपास थांबला पाहिजे, साध्या बोलण्याला उणे 18 ते उणे 12 च्या मध्ये कुठेतरी. इंटरफेसवरचा हिरवा दिवा एकदा लाल झाला की पुढे सॉफ्टवेअरमध्ये कितीही कमी केलं तरी फाटलेला आवाज शिवता येत नाही.

गाण्यांची लेव्हल कंट्रोलरच्या मास्टर नॉबवर ठरवा. काही इंटरफेसच्या मागच्या लाईन इनपुटला गेनचा नॉबच नसतो, तिथे तर दुसरा पर्यायही नाही. दोन्ही चॅनेल पूर्ण वर असताना ड्रॉपच्या वेळी कंट्रोलरवरचे लाल दिवे लागू देऊ नका.

स्पीकरचा प्रश्न

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण स्ट्रीम खराब वाजण्याचं खरं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

माईक चालू आहे आणि खोलीत स्पीकर वाजतोय. गाणं प्रेक्षकाला आता दोन वाटांनी पोचतं. एक केबलमधून, स्वच्छ. दुसरं स्पीकरमधून हवेत, हवेतून माईकमध्ये. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे स्पीकर माईकपासून एक मीटरवर असेल तर हवेतलं गाणं जवळपास 3 मिलिसेकंद उशिरा येतं. हा उशीर एको म्हणून ऐकू येत नाही, त्याने गाण्याचा रंगच उतरतो. काही स्वर एकमेकांना मारतात, ढोलकी पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखी होते, बास पोकळ होतो. वाजवणाऱ्याला खोलीत सगळं झकास ऐकू येत असतं, म्हणून त्याला कळतच नाही.

उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो. पहिला: बंद कपचे हेडफोन लावून वाजवा आणि स्पीकर बंद ठेवा. उघड्या जाळीचे हेडफोन नकोत, त्यातूनही आवाज गळतो. दुसरा: स्पीकरशिवाय हात चालतच नसेल तर माईक बोलतानाच चालू करा. ओबीएसमध्ये "पुश टू टॉक" आहे, एक कळ ठरवा, बोलायच्या आधी गाणं खाली आणा, कळ दाबा, बोला, सोडा. तिसरा: माईकची पाठ स्पीकरकडे करा. कार्डिऑइड माईक मागच्या बाजूने सर्वात कमी ऐकतो. स्पीकर तुमच्या पाठीमागे असतील तर तुमच्या तोंडाकडे वळलेला माईक स्पीकरकडेही वळलेला असतो, म्हणून ते तुमच्या समोर, माईकच्या मागे आणा.

आणखी एक गोष्ट. इंटरफेसवर "डायरेक्ट मॉनिटर" नावाची सोय असते, तिने माईकचा आवाज सरळ इंटरफेसच्या आऊटपुटला जातो. स्पीकर त्याच आऊटपुटला असतील तर माईकचा आवाज स्पीकरमधून बाहेर, परत माईकमध्ये, आणि क्षणात शिट्टी. माईकसाठी हा पर्याय बंद ठेवा. ज्या इंटरफेससोबत मिक्स बनवायचं सॉफ्टवेअर येतं, तिथे स्पीकरच्या मिक्समध्ये फक्त गाणी ठेवा. स्वतःचा आवाज कानात हवा असेल तर हेडफोन काही वेळ कंट्रोलरमधून काढून इंटरफेसला लावा आणि जोडणी तपासताना ऐकून घ्या. चालू स्ट्रीममध्ये मीटरवर भरवसा ठेवायचा.

ओबीएसमध्ये

आधी एक गोष्ट काढून टाका: सेटिंगमधल्या ऑडिओत "डेस्कटॉप ऑडिओ" बंद करा. तो चालू राहिला की गाणी दोनदा जाण्याचा धोका असतो. मग सॅम्पल रेट. ओबीएस मुळात 48 किलोहर्ट्झवर असतं, इंटरफेसही तिथेच ठेवा. दोघं वेगळे राहिले की मध्येच टिकटिक, खरखर सुरू होते आणि माणूस केबल बदलत बसतो.

"ऑडिओ इनपुट कॅप्चर" दोन वेळा जोडा, एकात माईक, एकात गाणी. इंटरफेसचा ड्रायव्हर पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी अशा जोड्या वेगळ्या दाखवत असेल तर काम सरळ आहे. दाखवत नसेल तर इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्याचा एक लूपबॅक मिक्स बनवा आणि ओबीएसला तो एकच द्या. माईक पहिल्या इनपुटला असल्यामुळे तो फक्त डाव्या कानात वाजेल. घाबरू नका, "अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज"मध्ये माईकसमोर "मोनो"वर टिक करा.

माईकवर फिल्टर: "नॉइज सप्रेशन" आरएनएनॉइज प्रकारचं, पंख्याच्या घरघरीसाठी. मग कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), ओबीएस त्याला आपणहून 10:1 आणि उणे 18 डेसिबल देतं, ते बोलण्याला फार दाबतं. मी 3:1 किंवा 4:1 ठेवतो. शेवटी लिमिटर उणे 3 वर. गाण्यांवर नॉइज सप्रेशन कधीही लावू नका. ते माणसाचा आवाज ओळखायला शिकवलेलं आहे, त्याला हलगी, तुतारी, सिंथ सगळा गोंगाटच वाटतो आणि ते गाणं खाऊन टाकतं.

तुम्ही बोलताना गाणं आपोआप खाली जायला हवं असेल तर गाण्यांच्या सोर्सवर कॉम्प्रेसर लावा आणि त्यातल्या "साइडचेन/डकिंग सोर्स"मध्ये माईक निवडा. रेशो 4:1, थ्रेशोल्ड उणे 30 च्या आसपास, रिलीज 800 मिलिसेकंद, म्हणजे वाक्य संपल्यावर गाणं झटक्याने उसळत नाही, लाटेसारखं वर येतं. तरी मला हाताने फेडर खाली घेणंच जास्त पटतं. मशीनला कडवं कुठे संपतं ते कळत नाही, आपल्याला कळतं.

गुणगुण येत असेल तर

सगळं जोडलं आणि मागे "ऊंऽऽ" अशी बारीक गुणगुण येते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण 50 आणि 100 हर्ट्झवर असते. लॅपटॉपचा चार्जर काढा. थांबली? मग ग्राउंड लूप आहे: लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर यांना ग्राउंड दोन-तीन वाटांनी मिळतंय. सगळी साधनं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. त्याने नाही गेली तर कंट्रोलर आणि इंटरफेसच्या मधल्या आरसीएवर ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. जुन्या वाड्यात किंवा चाळीत अर्थिंग नुसतं नावाला असतं, तिथे इलेक्ट्रिशियनला बोलावून ते तपासून घ्या. प्लगची जाड अर्थ पिन मात्र कधीच तोडू नका. गुणगुण जाते खरी, पण उद्या साधनात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगावर आलेला करंट तुमच्या हातातून जमिनीत जाईल.

टाळी वाजवून पाहा

स्ट्रीम सुरू करण्याआधी ओबीएसमध्ये "रेकॉर्ड" दाबा. कॅमेऱ्यासमोर एकदा जोरात टाळी वाजवा, दोन वाक्यं बोला, एक गाणं ड्रॉपपर्यंत वाजवा, त्याच्यावर बोला, थांबा. आता फाईल एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहा. वेबकॅमचं चित्र बहुधा मागे पडतं, त्यामुळे टाळीचा आवाज आधी येतो आणि हात नंतर जुळतात. 30 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम सुमारे 33 मिलिसेकंदांची. तीन फ्रेमचा फरक दिसला तर माईक आणि गाणी दोन्हींना "सिंक ऑफसेट" 100 मिलिसेकंद द्या. फक्त माईकला देऊन गाण्यांना विसरलात तर तुमचं बोलणं बीटवरून घसरेल.

मग तीच फाईल फोनच्या स्पीकरवर ऐका. तुमचे अर्धेअधिक श्रोते तुम्हाला तिथेच ऐकणार आहेत. बोलणं गाण्याखाली बुडत असेल तर माईक वाढवण्यापेक्षा गाणं 2-3 डेसिबल खाली घ्या. मावसभावाने त्या रात्री बाराच्या सुमारास इंटरफेसला माईक लावून अशीच एक फाईल पाठवली होती. टाळी, "दादा, येतोय का आवाज?", आणि मागे लांबवर भुईचक्राची सरसर. भुईचक्रही इतकं स्पष्ट येतंय म्हणजे माईक नीट लागलाय, असं मी त्याला कळवलं.

सेट संपल्यावर उलट्या क्रमाने आवरा. स्पीकर आणि गेन खाली, फँटम बंद, अर्धा मिनिट थांबा, मग केबल काढा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवा ओली असते, आणि ओल कंडेन्सरच्या पडद्याला मानवत नाही, कधी कधी त्यामुळेच माईक अचानक तडतडायला लागतो. नव्या चपलांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून माईक त्याच्या डब्यात ठेवा. उघड्यावर ठेवायचाच असेल तर वरून एक स्वच्छ कापडी पिशवी घाला, आणि देवघराच्या उदबत्तीपासून लांब ठेवा.